जिन्यातली चित्रं

आमच्या कला-हस्तकला मंडळाचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं ते काही मी फार चांगलं लिहिते म्हणून नाही. सलग चार पानं मराठी लिहू शकेल असं माणूस मंडळात दुसरं उरलं नव्हतं. नव्या मुलींना मराठी समजतं, पण लिहायला बसल्या की दुसऱ्या ओळीपासून हिंदी सुरू होतं. एक लहानशी पुस्तिका काढायची ठरली होती. अध्यक्षबाई म्हणाल्या, तुम्ही जुन्या आहात, तुम्हाला सगळं ठाऊक आहे.

खरं आहे, मला सगळं ठाऊक होतं.

लग्न झाल्यावर मी अमरावतीहून जबलपूरला आले. नवरा बँकेत, घर महाराजपूरला. शेजारणींशी हिंदीत बोलताना दर वाक्याला अडखळायची. शहरातल्याच गढा भागात एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत दर शनिवारी मराठी बायका जमतात असं कळलं, म्हणून गेले. पाहते तर तिथे पुरुषही होते, आणि सगळे काही मराठी नव्हते. खिडकीपाशी चित्रं काढणारे बसत. त्यांच्यात मोठे म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले एक चित्रकलेचे शिक्षक. त्यांना आम्ही सर म्हणायचो. आतल्या बाजूला सतरंजीवर भरतकाम आणि गोधडीवाल्या. त्यांच्यात शब्द चालायचा गोहलपूरहून येणाऱ्या दीदींचा. दीदी हिंदी बोलायच्या, पण आमचं मराठी त्यांना पुरतं कळायचं. गोधडीचे धावते टाके मी त्यांच्याकडूनच शिकले. माझा टाका लांब पडला की त्या काही न बोलता उसवून हातात द्यायच्या.

वर्षातून एकदा प्रदर्शन भरायचं, एका शाळेच्या वरच्या सभागृहात. तिथे उजेडाची भिंत एकच, आणि तिच्यावर दरवर्षी सरांची जलरंगातली नर्मदा लागायची. तसा नियम कोणी केला नव्हता, पण ते ठरल्यासारखंच होतं.

ज्या वर्षी मांडणीचं काम माझ्याकडे आलं, त्या वर्षी दीदींनी एक मोठी गोधडी केली होती. जुन्या सुती साड्यांचे निळे-करडे तुकडे, आणि त्यांवरून पाण्यावरच्या लहरींसारखे टाके. टेबलावर घडी करून ठेवली असती तर चौथा हिस्साही दिसला नसता. मी ती उजेडाच्या भिंतीवर लावली आणि सरांची नर्मदेची सहा चित्रं बाहेर जिन्याच्या भिंतीवर टांगली. सरांचं घर शाळेपासून चार पावलांवर होतं. जाऊन विचारता आलं असतं. मी गेले नाही.

सकाळी सर आले. जिन्यातच थांबले. मग आत येऊन गोधडीसमोर बराच वेळ उभे राहिले, आणि शांतपणे म्हणाले, "गोधडी अंगावर घ्यायची असते. भिंतीवर काहून?"

दीदी खाली बसून गोधडीच्या कडेला टाके घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सरजी, नदी भी तो नहाने के लिए होती है."

दोन-तीन बायका हसल्या. मीही हसले. सरांनी आपली चित्रं उतरवली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि ते गेले. पुढच्या शनिवारी खिडकीपाशी कोणीच आलं नाही. चित्रवाले एकाच्या गच्चीवरच्या खोलीत जमायला लागले. काही वर्षं त्यांचं वेगळं प्रदर्शन भरायचं. मग कोणी मुलाकडे पुण्याला गेलं, कोणी वारलं, आणि ते बसणं बंद झालं. सर कधी गढ्याच्या बाजारात भेटायचे. भाजीची पिशवी सावरत विचारायचे, चालू आहे ना तुमचं? मी हो म्हणून पुढे निघायची.

पुस्तिकेत मी या सगळ्याचं एक वाक्य केलं: काही सभासद कालांतराने वेगळे झाले. मग मजकूर दीदींना वाचून दाखवायला गोहलपूरला गेले. त्या आता घराबाहेर पडत नाहीत. त्या वाक्यापाशी त्यांनी मला थांबवलं. हे असं झालं नव्हतं, म्हणाल्या. मी बोलले होते, लोक हसले होते, ते लिही. आणि आधी सरांना जाऊन भेट.

दुसऱ्याच दिवशी गेले. सर ओसरीत खुर्चीवर बसले होते. डोळ्यांना आता फार कमी दिसतं, म्हणून मजकूर मीच वाचून दाखवला, आणि दीदी काय म्हणाल्या तेही सांगितलं.

"गोधडीचा मला राग नव्हता," ते म्हणाले. "चांगली होती. तुम्ही मला विचारलं नाही."

मी म्हटलं, "चुकलं माझं, सर. पण विचारलं असतं तर भिंत दिली असती का?"

त्यांनी खरोखरच विचार केला. मग म्हणाले, "नसती दिली. भांडलो असतो. पण भांडून तिथंच राहिलो असतो."

आतून सुनेने चहा आणला. मंडळात नक्की काय करता, हे ती मला हिंदीत विचारत राहिली. मी मराठीत सांगत होते आणि तिला समजत होतं.

घरी येऊन मी ते पान पुन्हा लिहिलं. भिंत, जिना, दीदींचं बोलणं, आमचं हसणं, आणि मी विचारलं नाही हेही. बैठकीत एकीने हरकत घेतली, घरातलं भांडण छापायचं काहून? अध्यक्षबाई म्हणाल्या, सर आणि दीदी दोघांची हरकत नसेल तर आपली कशाला? मी दोघांना विचारून आले, आणि पान छापलं गेलं.

छापून आल्यावर पहिली प्रत मी सरांना नेऊन दिली. एखाद्या शनिवारी या, म्हटलं. रिक्षाने घेऊन जाईन. ते नाही म्हणाले. दिसत नाही तिथं बसून काय करू, उगाच तुम्हाला सांभाळत बसावं लागेल, असं काहीसं. तेवढ्यात सून दारात आली आणि तिने विचारलं, "मैं आ सकती हूँ?"

गेल्या पावसाळ्यापासून ती येते. हात अजून बसलेला नाही, टाके लांब पडतात. मी उसवून परत देते तेव्हा ती कुरकुरते, आणि पुन्हा घालते. घरी गेल्यावर सर ते कापड मागून घेतात म्हणे, आणि टाक्यांवरून बोट फिरवून कुठे चुकलं ते सांगतात.