दहावा गडी

लिव गं रुचिता, मधी मधी हसू नको. हन्नाबायचं सांगते.

तळ्याच्या पल्याडची इस्राएल आळी तुला ठाव हाय ना? आता तिथं सगळी कुलपं. मी लगीन होऊन आले तवा तिथं तेलाचे घाने फिरायचे. शनवारी मातर बैल मोकळे, चूल थंड. त्यांचा देव शनवारी काम करू देत नाय. मग एकेक घर पनवेलला गेलं, ठान्याला गेलं, इमानात बसून त्यांच्या इस्राएल देशात गेलं. हन्नाबायचा ल्योक दाऊद पन गेला. ती ऱ्हायली. म्हनायची, नवरा हितं मातीत हाय, त्याच्या शेजारची जागा माझी.

मग तो कमलेश रविवारी मुंबईची मानसं घेऊन यायला लागला, आळी बघायला. फिरवायची हन्नाबाय. लुगडं खोचून ती पुढं, टोप्या घातलेली मंडळी मागं. दाराच्या चौकटीवरची तिरकी डबी दाखवायची, आत त्यांच्या देवाचं वचन लिवलेलं, तिला बोट लावून ओठाला लावायची. घान्याचा दगड दाखवायची. मग त्यांचं प्रार्थनेचं घर. तिथं कुलूप बघून कोनीतरी इचारायचंच, बंद का?

"आमच्या धर्माचे दहा गडी उभे ऱ्हायले तरच मोठी प्रार्थना व्हते, बाबा. मेल्या मानसाची पन." आनि लगेच, "तुमच्यात आमचे किती हायेत?"

कदी एक हात वर व्हायचा, कदी दोन. कदी कोनच नाय.

मी चिडवायची, "हन्ने, कोंबड्या मोजल्यावानी गडी मोजतीस. या वयात नवरा बघतीस काय?"

"एकानं काय व्हतंय गोदे, दहा पायजेत. ते पन एकाच दिवशी!"

हसायची. पन तिला घोर त्याचाच व्हता. नवऱ्याच्या येळेला दहा जमले व्हते. आपल्याला जमतील का?

भादव्यात गेली. शुक्रवारी, दिवस मावळताना. दाऊदला फोन लावला तर रडत म्हनला, "मावशी, शनवारी पुरू नका." आपल्यात मढं उचलल्याबिगर गावात चूल पेटत नाय. पन शनवार तिचा. खोपोलीवरनं टेंपोनं बर्फ आनला. आख्खा शनवार गाव उपाशी. कोनी कुदळीला हात लावला नाय.

रविवारी पनवेल-ठान्याची त्यांची मानसं आली. प्रार्थना सांगनाऱ्या म्हाताऱ्या बाबांनी मोजलं. नऊ.

तेवढ्यात कमलेशची गाडी आली. त्याला कळवायचं कोनाला सुचलंच नव्हतं. मी धावत गेले. "तुमच्यात हन्नाबायच्या धर्माचं कोन हाय का?" दोन हात वर झाले. पोरी व्हत्या. त्यांच्यात बाया मोजत नाय.

मग तुझा बा उठला. प्रवीणनं डोक्याला रुमाल बांधला. "बाबा, मला धरा दहावा. तिच्या हातचं खाऊन वाढलोय."

बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "उभा ऱ्हा पोरा, माती दे. पन मोजता येनार नाय."

दाऊद मोबाईलमधी दिसत व्हता. "मी हाय ना! ल्योक हाय मी तिचा, मला मोजा!"

"दिसतोस रं," बाबा म्हनले, "पन हितं नायस."

तो मोबाईलमधी रडत बसला. कोनी बंद पन करंना.

दहाव्याची वाट बघत उन्हं उतरंपर्यंत थांबलो. बर्फाचं पानी पार दारापातुर आलं. मग त्यांनी स्तोत्रं म्हटली नि माती लोटली. मोठी प्रार्थना ऱ्हायलीच. बाबा जाताना म्हनले, "फुडं कदी थडग्यापाशी दहा जमले, तर तवा म्हनता येईल."

आता रविवारी मी फिरवते. घान्याचा दगड दाखवते, कुलूप दाखवते. डबीला बोट लावत नाय, ते तिचं. कुलपापाशी इचारते, तुमच्यात किती हायेत? मागं एकदा लय हात वर झाले, मी बोटांवर मोजायला लागले. बघते तर निम्म्या बाया.

शेवटी सगळ्यांना थडग्यापाशी नेते. मंडळी फोटो काढतात. मी लांब बांधावर उभी ऱ्हाते. जवळ गेले तर ती इचारनार, "गोदे, किती झाले?"