दादांनी मराठीत सांगितलं होतं

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या दोघांना तर नाहीच. सात वर्षं झाली. आता तुम्हाला का सांगतेय, ते मलाही नीटसं कळलेलं नाही. पण आधी माझं काम सांगते, नाहीतर मी काय केलं ते तुम्हाला कळायचं नाही.

मी लंडनजवळ वॉटफर्डला राहते, कौन्सिलच्या ऑफिसात नोकरी करते, आणि रविवारी एका अमेरिकन फुटबॉल टीमची मॅनेजर असते. हो, तोच तो, हेल्मेट घालून एकमेकांवर धडकायचा खेळ. इथे तो हौसेने खेळतात, पगार कुणालाच नसतो. नवरा दोन सीझन खेळला आणि गुडघा धरून घरी बसला. मी त्याच्यासाठी सँडविच घेऊन जायचे, ती तिथेच राहिले. फॉर्म भरणं, शर्ट धुणं, माणसं जमवणं हे माझ्याकडे. माणसं जमवण्यात तर माझा हात धरणारं कुणी नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

या खेळात बचावाच्या पुढच्या रांगेत चार धिप्पाड माणसं लागतात. समोरच्या तशाच धिप्पाड माणसांना प्रत्येक डावात, म्हणजे पाच-सात सेकंदांच्या झटापटीत, ढकलायचं, एवढंच त्यांचं काम. पाच-सहा डावांत त्यांना धाप लागते, म्हणून आलटून पालटून उतरवायला आठ तरी हवीत. आमच्याकडे त्या वर्षी पाच होती. तरुण पोरांना चेंडू घेऊन पळायचं असतं, फोटोत यायचं असतं. चिखलात ढकलाढकली कोण करणार? तेव्हा मला जुने खेळाडू आठवले — चाळिशी उलटलेले, खेळ सोडलेले, पण वजन आणि अक्कल दोन्ही शाबूत असलेले.

या माणसांचं मला फार कुतूहल होतं. अजूनही आहे. एक प्लंबर होता, तो मॅचआधी तासभर नुसता मांड्या चोळत बसायचा. एकाचा वाचायचा चष्मा कायम बुटात ठेवलेला. काय हवं असतं यांना? बायका ओरडतात, पाठ धरते, सोमवारी कामावर लंगडत जावं लागतं — तरी येतात. फोन केला की आधी सगळे नाहीच म्हणतात. मग जरा वेळ गप्प होतात. मग विचारतात, पहिली मॅच कधी आहे? त्या मधल्या गप्प क्षणाची मला ओळख पटली होती. बरोबर तेव्हा मी म्हणायचे, तुमच्यावाचून अडलंय हो.

दीपकदादांनाही मी असंच आणलं. मराठी मंडळातली ओळख. मला सख्खा भाऊ नाही, म्हणून दर भाऊबीजेला मी हाउन्सलोला जाऊन त्यांना ओवाळते. ते विमानांच्या दुरुस्तीचं काम करायचे. अंग मोठं, पण बोटं अशी हलकी की यंत्राच्या पोटात हात घालून न बघता बारीकसा स्क्रू बसवायचे. वय सेहेचाळीस. फोनवर हसले. शिंगं मोडून वासरांत शिरायला सांगतेस होय, म्हणाले. मग गप्प झाले. मग मॅच कधी आहे ते विचारलं.

कमिटीत एकजण मला तोंडावर म्हणाला की मंजू वृद्धाश्रम उघडतेय. सगळे हसले. टेरी तेवढा हसला नाही. टेरी आमचा कोच, एरवी बस चालवायचा. मैदानावर घसा फुटेस्तोवर ओरडणार आणि मॅच संपली की प्रत्येकाला घरी कसा जाणार विचारणार, असा माणूस. तो म्हणाला, मंजूने आणलेत ना, मग मी खेळवतो. त्याचा हा विश्वास लक्षात ठेवा — मला तो विसरता येत नाही.

सीझनची शेवटून दुसरी मॅच होती. माझ्या म्हाताऱ्यांपैकी एक लग्नाला गेलेला, एक शिफ्टवर. रांगेतली जी माणसं उरली होती त्यातली दोघं मध्यंतरापर्यंतच दमून बाहेर बसली. आम्ही चार गुणांनी पुढे होतो. रांगेत चारच माणसं, बदली कुणी नाही. आणि दादा मैदानातून माझ्याकडे चालत आले.

त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे. टेरी हातभर अंतरावर उभा होता. पण बाकावर वीस-बावीसची पोरं बसली होती — म्हणून ते माझ्याकडे वळून, पाणी मागितल्यासारखं, मराठीत बोलले. "मंजू, डावा हात बधिर झालाय. बोटं जाणवत नाहीयेत. टेरीला सांग, मला बाहेर काढ म्हणावं. पोरांना कळू देऊ नकोस."

टेरीने विचारलं, काय म्हणतोय?

बघा — इथे मी सात वर्षं येऊन थांबते. किती वेळ गेला असेल? एक श्वास? मला सगळं समजलं होतं. ऐकण्यात चूक झाली नव्हती, घाईगडबड नव्हती. मी टेरीला म्हणाले, "ही इज फाइन. खेळायचंय म्हणतायत." आणि दादांकडे वळून मराठीत म्हणाले, "अजून थोडाच वेळ खेळा म्हणतोय, दादा."

दादांनी मान हलवली. परत गेले. त्यानंतर ते नऊ डाव खेळले. मी मोजले.

का केलं? टीमसाठी? नाही. एक माणूस कमी झाला असता तर टेरीने दुसऱ्या कुणाला तरी उभं केलं असतं, हरलो असतो, घरी गेलो असतो. मला तो वृद्धाश्रमवाला दिसत होता. तो बाजूलाच उभा होता, हातात कॉफी घेऊन. माझी माणसं टिकतात हे त्याला दाखवायचं होतं. एवढंच होतं. याहून मोठं काही सापडतंय का म्हणून मी पुष्कळ शोधलं.

आम्ही जिंकलो. दादांना हेल्मेटचा पट्टा सोडवता येईना, मी सोडवला. ते म्हणाले, सांगितलंस ना त्याला? मी म्हणाले, सांगितलं, ऐकेना. हे दुसरं खोटं, आणि हे बोलताना तर मला कसलीच घाई नव्हती.

दादांच्या मानेतली नस दुखावली होती. टेरी हॉस्पिटलमध्ये द्राक्षं घेऊन गेला, तर दादांनी भिंतीकडे तोंड केलं. त्याचे फोन उचलले नाहीत. टेरीने मला विचारलं, मी काय केलं गं? मी म्हटलं, त्यांना थोडा वेळ दे. पुढच्या सीझनला टेरीने टीम सोडली. आता स्वतःवर भरवसा वाटत नाही, म्हणाला. मी त्याच्या निरोपाचा केक आणला, कापला, सगळ्यांना वाटला.

दादांच्या दोन बोटांतली जाणीव परत आलीच नाही. नोकरी राहिली, पण टेबलावरची. दुसऱ्यांनी बसवलेल्या स्क्रूंचे कागद तपासायची. मला जगातल्या सगळ्या गोष्टींच्या चौकशा असतात, घरचे वैतागतात. पण पहिल्या बधिरपणालाच थांबले असते तर हात वाचला असता का, हे मी कुठल्याही डॉक्टरला आजवर विचारलेलं नाही. संधी होती. मंडळात निम्मे डॉक्टरच आहेत.

त्या वर्षी कमिटीने मला खेळाडू जमवल्याबद्दल एक कप दिला. तो शेडमध्ये आहे, गवत कापायच्या यंत्रामागे.

मॅनेजर मी अजूनही आहे. रांगेत अजूनही माणसं कमी पडतात. या भाऊबीजेला ओवाळून झालं, फराळाच्या ताटल्या पुढे आल्या, आणि मी सहज म्हणाले की यंदाही चार-पाच जुने लोक शोधतेय. दादा म्हणाले, थांब, आमच्या ऑफिसातला केव्हिन आहे, चव्वेचाळीसचा, पूर्वी खेळायचा. लगेच फोन लावला. तो पलीकडे नको म्हणत असावा. दादा त्याला समजावत होते, इंग्रजीत, अगदी मनापासून — काळजी करू नकोस, बाजूला मंजू असते. कुठे दुखलं-खुपलं तर तिला सांग, ती बघते. माझ्या वेळीही तिने सांगितलं होतं, त्या माणसानेच ऐकलं नाही.

मग जरा शांतता झाली. पलीकडे केव्हिन गप्प झाला असणार. दादांनी उजव्या हाताने फोन माझ्यापुढे धरला.

मी फोन घेतला. त्याला शर्टाची साइज विचारली.