बारावीचं गुणपत्रक

सांगलीच्या तुरुंगात मी दर शनिवारी मुक्त विद्यापीठाचा वर्ग घेतो. एरवी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. त्या वर्षी बी.ए.च्या प्रवेशाला सातजण होते. सहाजणांचे कागद पुरे झाले. सातव्याचं बारावीचं गुणपत्रक तेवढं राहिलं. ते रहिमतपूरला त्याच्या थोरल्या भावाकडे होतं आणि भावाने फोनवर तीनदा सांगितलं होतं, सापडत नाही.

मुदतीला नऊ दिवस उरले तेव्हा मीच एसटीने गेलो. भावाने चहा दिला. गुणपत्रकाचं विचारल्यावर म्हणाला, "हाय की. ट्रंकेत हाय."

"मग द्या."

"पदवी झाली की शिक्षेत सूट मिळती, व्हय ना सर?"

"मिळते."

"मंजे लवकर सुटनार. आला की पयली वाटणी मागनार. अडीच एकरात दोन चुली पेटत्यात का? तुमी हिशेबाचं मास्तर, तुमीच सांगा."

त्यांची आई दारात बसून गहू निवडत होती. तिने मान वर केली नाही.

बोर्डाकडून दुसरी प्रत मिळते, पण मूळ प्रत हरवल्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. मी गप्प राहिलो असतो तर धाकट्याने सरळ मनाने सही केली असती. मला ते जमलं नाही. शनिवारी त्याला घडलं तसं सांगितलं.

तो प्रतिज्ञापत्राच्या कागदाचे कोपरे सरळ करत राहिला. "पाटीवर हात धरून दादानंच शिकीवलंय मला," म्हणाला. मग विचारलं, "आई काय म्हनली?"

"काही नाही."

त्याने सही केली.

"हे खोटं आहे, कळतंय ना तुला?"

"खोटं कुठं सर? गेलंच की ते."

तो कागद मीच नेऊन दिला. जाणूनबुजून पुढे केलेला माझ्या हातचा तो एकच खोटा कागद. प्रत आली तोवर मुदत संपली होती. प्रवेश पुढच्या वर्षावर गेला, म्हणजे भावाला एक वर्ष मिळालं.

पुढच्या वर्षी मी त्याला जुनाच अर्ज उतरून काढायला दिला. पदवी कुठे पाठवायची, या रकान्यात त्याने आदल्या वर्षी भावाचं नाव आणि रहिमतपूरचा पत्ता लिहिला होता. नव्या अर्जात तिथे त्याने तुरुंगाचा पत्ता लिहिला, पिन कोडसकट.