बारशाआधीचं नाव

“यल्ला बॉस, ब्रीद.”

चल बॉस, श्वास घे. काचेच्या पेटीवर वाकून तो रोज एवढंच म्हणायचा. आत त्याचा मुलगा, ओंजळीत मावेल एवढा.

शारजातल्या आमच्या वॉर्डात वेळेआधी जन्मलेली बाळं असतात. ती मधेच श्वास घ्यायचं विसरतात. यंत्र ओरडतं, आम्ही तळवा चोळतो, बाळ पुन्हा श्वास घेतं. बहुतेक वेळा घेतं.

तो लिथुआनियाचा, दुबईत क्रेन चालवणारा. बायको मराठी, इथेच वाढलेली. एवढा धिप्पाड माणूस सासूला घाबरताना तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. सासूबाईंनी बजावलं होतं, “जावईबापू, बारशाआधी बाळाला नावाने हाक मारायची नाही. आणि बारसं घरी गेल्यावर.” म्हणून ‘बॉस’.

“ठरलंय का नाव?” मी एकदा विचारलं.

“केस्तुतिस. माझ्या वडिलांचं,” तो दाराकडे बघत पुटपुटला. त्यांच्याकडे पूर्वी दोन शब्द जोडून नावं ठेवत. घरचे ती तोडून लाडाची करत. हे तसलंच. मुळाचा अर्थ सोसणं, तग धरणं. “गुड नेम फॉर हिम, सिस्टर.”

“मग मारा की हाक. आजी नाहीत इथे.”

“नो, नो. आईला प्रॉमिस केलंय.” सासूला तो आईच म्हणायचा.

एका संध्याकाळी तो दुबईहून येताना ट्रॅफिकमध्ये अडकला होता. पेटीपाशी सासूबाई एकट्याच. यंत्र ओरडलं. मी तळवा चोळला. काही नाही. पुन्हा चोळला. ओठ निळे पडायला लागले. मी मास्क लावून फुगा दाबू लागले.

“सिस्टर, जावयाने ठरवलेलं ते नाव काय हो?”

“केस्तुतिस.”

“केस्तुतिस! अरे केस्तुतिस, श्वास घे रे राजा!”

छाती हलली. नावाने हलली असं मी म्हणणार नाही; फुगा माझ्या हातात होता.

तो धावत आला तेव्हा सासूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. “तुमच्या केस्तुतिसने आज जीव काढला माझा.”

तो पेटीकडून त्यांच्याकडे वळला. “आई... बारसं?”

“झालं ते. मारा हाक.”

तो पेटीवर वाकला. इतके दिवस दाबून ठेवलेलं नाव, आणि आता आवाजच फुटेना.

पुढे एक दिवस माझी सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी येऊन पाहिलं तर केस्तुतिसची पेटी पुसून ठेवलेली, रिकामी. आमच्याकडे रिकामी पेटी दोनच कारणांनी दिसते. मी पाळीच्या मुख्य सिस्टरला विचारलं. “घरी,” ती म्हणाली. मग मी कामाला लागले.