मामांची जीभ

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघाले, तेव्हा सासऱ्यांनी माझ्या हातात पाच लिटरचा रिकामा कॅन ठेवला. म्हणाले, "येताना तुमच्या नळाचं पाणी आण. लाडू-चिवडा काय नको." माझं माहेर नांदेडचं, तिथं नळाला गोदावरीचं पाणी. नवी सून कितपत ऐकते याची ही परीक्षा असावी, असं मला वाटलं. आईनं तर कपाळाला हात लावला. पण मीही हट्टाची. भरलेला कॅन मांडीवर घेऊन एसटीत बसले, आणि लोहा येईपर्यंत कंडक्टरनं दोनदा विचारलं, "ताई, लातूरला पाणी मिळत न्हाई का?"

सासऱ्यांना आमच्याकडे सुना मामा म्हणतात. बाकी सगळा बाजार आणि माझा नवरा त्यांना अण्णा म्हणायचा. गंजगोलाईजवळ त्यांचं चहापत्तीचं दुकान होतं, सुट्या पत्तीचं. पुढच्या खोलीत दाणेदार चहाचे डबे, तो रोजचा धंदा. मागच्या खोलीत मात्र पानाच्या चहाच्या पेट्या, आतून चंदेरी कागद लावलेल्या. दार्जिलिंगचा, आसामचा, निलगिरीचा. लातुरात असला चहा पिणारी माणसं किती असतील, असं कुणी विचारलं की मामा म्हणायचे, "हायेत की. तुला दिसत न्हाईत."

मी पाणी घेऊन आले त्या दिवशी त्यांनी मला मागच्या खोलीत बोलावलं. टेबलावर दोन पांढरे कप ठेवले. तराजूच्या एका पारड्यात जुनी पावली टाकली, दुसऱ्यात पावलीच्या वजनाची पत्ती. एका कपात आमच्या बोअरचं उकळतं पाणी, दुसऱ्यात मी आणलेलं. पाच मिनिटं झाकून ठेवलं आणि मग झाकणं काढली. बोअरच्या पाण्यातला चहा काळपट होता आणि त्यावर तवंग आला होता. नांदेडच्या पाण्यातला स्वच्छ, तांबूस. पत्ती एकच होती. मी दोन्ही चाखले आणि मला पहिल्यांदा कळलं की इतकी वर्षं मी चहा म्हणून दूध, साखर आणि आलं पीत होते.

मामांची रीतच होती ती. नवं गिऱ्हाईक पानाचा चहा मागायला आलं की ते पत्ती देतच नसत. म्हणत, "आधी घरचं तांब्याभर पाणी घेऊन या." मग त्या पाण्यात चार पत्त्या उतरवून बघायचे आणि ज्या जमतील त्यांचंच मिश्रण करून द्यायचे. निलंग्याची माणसं बाटल्या घेऊन यायची. काही चिडायची. रेणापूरचे एक गृहस्थ म्हणाले होते, "दुकान हाय का दवाखाना?" आणि पुढच्या आठवड्यात गुपचूप बाटली घेऊन आले. त्यांच्या बायकोनं ती पत्ती दुधात टाकून खळाखळा उकळली आणि 'रंग देत न्हाई' म्हणून परत पाठवली, तेव्हा मामा दोन दिवस घुश्शात होते.

दुसऱ्या वर्षापासून मी रोज सकाळी त्यांच्यासमोर बसू लागले. कलकत्त्याहून नमुन्याच्या पुड्या यायच्या. त्या चाखून कुठली पेटी मागवायची ते ठरायचं. मामा चमच्यातला चहा असा फुर्रकन ओढायचे की गल्लीतलं मांजर दचकायचं. मग तो तोंडात घोळवून पिकदाणीत टाकायचे. सून सासऱ्यासमोर थुंकते, हे ऐकून माझ्या मावशीनं आमच्याकडे यायचं बंद केलं. माझी काही हरकत नव्हती.

चहाला मामांची स्वतःची भाषा होती. एका चहाला ते 'ओल्या हरभऱ्याचा' म्हणत, एकाला 'शेंगा भाजल्यावरच्या टरफलाचा'. पावसाळ्याआधी खुडलेल्या दार्जिलिंगला 'पिकल्या पेरूच्या सालीचा' म्हणत, आणि तो घोट ते थुंकत नसत. मीही त्यात भर घालायला लागले. एकदा मी म्हटलं, "मामा, ह्याला नव्या कोऱ्या पाटीचा वास येतोय." त्यांनी परत चाखला, मान हलवली आणि वहीत पाटी असं लिहून ठेवलं. मला बी.ए.च्या निकालाला झाला नव्हता एवढा आनंद झाला.

मग भूकंप झाला. किल्लारीकडं जे झालं ते मी सांगण्यासारखं नाही. ज्यांच्यावर ते गुदरलं त्यांनीच ते सांगावं. आमच्या शहरात घरं उभी राहिली, पण माणसं घरात झोपेनात. आमच्या मागच्या खोलीच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली. सगळ्या पेट्या दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवल्या, आणि आम्हीही तिथंच राहिलो. त्या थंडीत मामांना पडसं झालं. ताप आठ दिवसांत उतरला, पडसं महिनाभर राहिलं. बरे झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा पेटी उघडायला लावली, ती पावसाळ्याआधीच्या दार्जिलिंगची.

मी कप तयार केले. त्यांनी फुर्रकन घोट ओढला, डोळे मिटले आणि म्हणाले, "पेरू. चांगला टिकलाय."

मग मी चाखला. त्या चहाला डांबरगोळ्यांचा वास येत होता. पेट्यांच्या शेजारी सासूबाईंनी गोधड्यांचं गाठोडं ठेवलं होतं, कसर लागू नये म्हणून आत मूठभर गोळ्या टाकून. चहापत्ती शेजारच्याचा वास पटकन ओढून घेते, हे मला मामांनीच शिकवलं होतं. पेटी पार वाया गेली होती. सासूबाईंनी लांबूनच नाक मुरडलं असतं इतका तो वास उग्र होता. मामा मात्र दुसरा घोट घेत होते.

मला आधी वाटलं, ते गंमत करताहेत. मग त्यांच्याकडे नीट बघितलं आणि कळलं. मामांना वास येईनासा झाला होता. जिभेला कडू-गोड कळत असेल, पण चहाची ओळख वासानंच पटते, आणि तोच राहिला नव्हता.

हे कुणाला सांगायची सोय नव्हती. माझा नवरा मनानं चांगला, पण त्याला पानाचा चहा म्हणजे बापाचा नाद वाटायचा. तो उघड म्हणायचा, "अण्णा बसतायत तोवर चालू द्या. अण्णा थकले की पानाच्या चहाला कुलूप. मग फक्त दाणेदार." म्हणजे हे कळलं असतं, तर मामांची सकाळची बैठकच गेली असती. पस्तीस वर्षं ते त्या टेबलाशी बसत होते. तिथून उठवल्यावर त्या माणसानं दिवसभर करायचं काय, हे मला सुचेना. मी नवऱ्याला सांगितलं, "पेटीला ओल लागली. टाकून द्या." आणि मामांच्या समोरूनच गाठोडं दुसरीकडं हलवलं.

दुसऱ्या दिवसापासून मी एक युक्ती केली. नमुने मी आधी एकटीनं चाखायचे आणि मग टेबलावर कप मांडताना चांगले उजवीकडे आणि टाकाऊ डावीकडे ठेवायचे. मग समोर बसून मी पुन्हा एकेक घोट घ्यायचे, मामा पहिल्यासारखंच फुर्रकन ओढायचे आणि निकाल द्यायचे. निकाल बरोबर यायचे. मला वाटलं, त्यांनी माझी रांग ओळखली, आणि आमच्यात न बोलता ठरलं. तरी पूर्ण खात्री नव्हती. विचारायचं धाडस तर मुळीच नव्हतं. आणि खरं सांगते, त्या सकाळी मला फार आवडायच्या. माणूस दुःखात असतानाही माझं मन इतकं सुखात कसं, याची लाज वाटायची, पण सुख होतं.

अशी सहा वर्षं गेली. तोवर लातूरचं रूपच पालटलं. गल्लोगल्ली क्लास निघाले. भोकरपासून निलंग्यापर्यंतची पोरं डॉक्टर-इंजिनियर व्हायला इथं खोल्या घेऊन राहायला लागली. घराच्या वर मजला चढवायचा आणि चार पोरं ठेवायची, हा सगळ्या गल्लीचा धंदा झाला. पोरांना जागं ठेवणारा कडक दाणेदार चहा पोत्यांनी खपायचा. गंमत म्हणजे पानाच्या चहालाही दिवस आले. पोरांना शिकवायला परगावाहून आलेले सर लोक आमच्या मागच्या खोलीत येऊन बसू लागले. त्यातले रसायनशास्त्राचे एक सर तर दर रविवारी यायचे. पाण्याची बाटली न सांगता आणायचे आणि मामांच्या प्रत्येक शब्दावर मान डोलवायचे. लेकराला भेटायला आलेले आईबापही गावी जाताना 'अण्णांच्या हातचा चहा' पाव किलो बांधून न्यायचे.

ते बघून माझ्या नवऱ्याचं मन फिरलं. आता त्याला पानाचा चहा बंद करायचा नव्हता, तर पाकिटात भरायचा होता. एका रविवारी तो छापखान्यातून पाकिटाचा नमुनाच घेऊन आला. हिरवं पाकीट, त्यावर फेटा बांधलेल्या मामांचा फोटो आणि खाली ठसठशीत अक्षरं: अण्णांनी स्वतः चाखलेला चहा.

मागच्या खोलीत तेव्हा रसायनशास्त्राचे सर होते, दोन पालक होते, सासूबाई होत्या. टेबलावर सात कप मांडलेले होते. नवऱ्यानं मोठ्या हौसेनं पाकीट मामांच्या हातात दिलं. मामांनी चष्मा लावून ते वाचलं. परत वाचलं. मग टेबलावर उपडं ठेवलं.

"हे छापू नको," ते म्हणाले.

"का? फोटो बरा आला न्हाई का, अण्णा?"

"फोटो बरा हाय. खालचं खोटं हाय." मग ते सरांकडे वळले. "सर, भूकंपाच्या सालापासून मला कशाचाच वास येत न्हाई. डांबरगोळी की पेरू, कळत न्हाई. तुम्ही आजवर इथनं जो चहा नेलाय, तो हिनं चाखलेला हाय. मी नुसता फुर्र करायलोय."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. माझी चोरी पकडली गेल्याची भीती होतीच. पण त्याहून जास्त, त्या माणसानं आपली पस्तीस-चाळीस वर्षांची पत चार माणसांत अशी काढून ठेवली, ते मला बघवत नव्हतं. नवऱ्याचा चेहरा पडला होता. शेवटी सरांनी समोरचा कप उचलला, तो मामांकडे न नेता माझ्यापुढं धरला आणि विचारलं, "वहिनी, हा कसा आहे?"

मी चाखला आणि सांगितलं, "ओल्या हरभऱ्याचा. पण नेऊ नका, महिन्याभरात वास उतरेल."

"मग दुसरा द्या," सर म्हणाले आणि बसून राहिले. त्या दिवशी कुणी उठून गेलं नाही. नवऱ्याला पचायला आठवडा लागला. मग त्यानं ती ओळ गाळून पाकिटं छापली. माझा फोटो टाकायचं मात्र त्याला सुचलं नाही, आणि ते मी त्याला अजून ऐकवते.

त्याच रविवारी दुपारी कप विसळताना मी मामांना विचारलं, "रांगेवरून ओळखत होतात ना?"

"कसली रांग?"

मी सांगितलं, उजवीकडे चांगले आणि डावीकडे टाकाऊ. ते हसायलाच लागले. "मला काय ठाव. मी तुझं तोंड बघत होतो की. चांगला असला की घोट घेतल्यावर तू जरा वेळ गप बसतीस. वाईट असला की लगेच माझ्याकडं बघतीस, म्हाताऱ्याला कळतंय का म्हणून."

सहा वर्षं मी त्यांना सांभाळते आहे, या समजुतीत होते. मला हसू आलं आणि रडूही आलं. मी दोन्ही केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आले आणि आपल्या खुर्चीवर न बसता समोरच्या गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले. खुर्चीकडे हात करून मला म्हणाले, "बस." मी बसले. पुड्या फोडल्या, पाणी उकळलं, कप झाकले. पहिला कप त्यांच्याकडे सरकवला तर त्यांनी मागं सारला.

"पिऊन काय करू? तू सांग."

मी चाखला आणि म्हटलं, "चांगला आहे, मामा."

"असं न्हाई. नीट सांग."

मग मी नीट सांगितलं. आधी वाफेला येतो तो शेंगांच्या टरफलाचा वास. मग जिभेवर पेरूची साल, पण फार पिकलेल्या पेरूची नाही. सगळ्यात शेवटी, घोट गेल्यावर, उन्हात वाळत घातलेल्या धुण्यासारखं काहीतरी. मामांनी डोळे मिटले होते. त्यांच्या नाकपुड्या हलत होत्या.

"अजून सांग," ते म्हणाले.

मी सांगत राहिले, आणि बाकीचे सगळे कप गार होऊन गेले.