रांजणाच्या बुडाशी राहिलेली साखर

ताईच्या साखरपुड्याचं सरबत माझ्यामुळे बिघडलं. हे मी त्या दिवशीच सांगायला हवं होतं.

तेव्हा मी नगरच्या कॉलेजात सायन्सच्या पहिल्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मी काही बोललो की घरचे ऐकत. साखर रेशनची होती. आमच्या आणि शेजारच्या दोन कार्डांवरची मिळून आईने डबाभर जमवली होती. वहिनीची रीत अशी, की साखर आधी कोमट पाण्यात विरघळवायची, फडक्यातून गाळायची आणि मग रांजणात ओतायची. ती चूल पेटवायला बसली, तेव्हा मी म्हणालो, "वहिनी, जळण कशाला घालवता? साखर पाण्यात आपोआप विरघळते. सगळं पाणी सारखंच गोड होतं."

"गार पान्यात व्हय, भावजी?"

"गार पाण्यातसुद्धा. आम्हाला शिकवलंय."

तिने डबा रांजणात रिकामा केला. मी पळीने थोडं ढवळलं आणि सतरंज्या अंथरायला गेलो. पळी बुडापर्यंत पोचत नव्हती, हे मला ढवळतानाच जाणवलं होतं.

मुलाच्या मामांनी पेला तोंडाला लावला. "लिंबं झ्याक हायेत तुमची," ते म्हणाले. "कारखान्याची चिमनी तर हितनं दिसती. साखर तेवढी वाट चुकली जनू."

सगळे हसले. वडीलही हसले. आई हसली नाही.

पाहुणे गेल्यावर तिने वहिनीला चुलीपाशी गाठलं. "डबा भरून दिल्ता तुला. काल तुझा भाऊ येऊन गेला, त्याच्या पिशवीत काय हुतं?"

"समदी रांजनात घातली, आत्याबाई. भावजी हुते की समोर. इचारा त्यान्ला."

दोघी माझ्याकडे पाहू लागल्या.

"मी ढवळत होतो," मी म्हणालो. "डबा किती भरला होता, ते काही मी पाहिलं नाही."

हे खोटं नाही, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत राहिलो.

दिवेलागणीला मी रांजणात हात घातला. बुडाशी बोटभर साखर बसली होती. तिच्यालगतचं पाणी पाकासारखं दाट झालं होतं. त्यात आणखी साखर मुरत नव्हती आणि वरच्या पाण्यापर्यंत ती पोचली नव्हती. आईला हाक मारून तेवढं दाखवलं असतं तरी पुरे होतं. पण मग माझं शिक्षणही दिसलं असतं. मी चुलीवरचं ऊन पाणी आणून आत ओतलं आणि काठीने खळखळून ढवळलं. साखर दिसेनाशी झाली. ते पाणी मी बैलांच्या आंबोणात ओतलं. वळलो, तर रांजण घासायला राख घेऊन वहिनी उभी होती. तिने माझ्या हातातल्या काठीकडे पाहिलं आणि रांजण आडवा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी नगरला निघून आलो.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो, तेव्हा वहिनी चहा करत होती. पाणी उकळलं. साखरेचा डबा तिच्या हाताशीच होता. तिने तो उघडला नाही. "आत्याबाई, साखर घालून जाता का?" अशी हाक मारून ती आई येईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून राहिली. आई आली, तिने साखर घातली आणि डबा घट्ट लावून ठेवला.

मी तो चहा प्यालो.