सगळे मागे गेल्याशिवाय

माझं दुसरं पोस्टिंग जम्मूच्या वरच्या डोंगराळ भागात होतं. मी इंजिनिअर्समध्ये कॅप्टन होते, शॉर्ट सर्व्हिस. काम रस्ता उघडण्याचं. हे सिव्हिलमधल्या लोकांना समजावून सांगावं लागतं. तिथे रस्ता रोज सकाळी उघडावा लागतो, कारण अंधारात कुणी काय पुरून ठेवलं असेल ते माहीत नसतं. कॉन्व्हॉय निघण्याआधी एक पार्टी पायी जाते. मोऱ्या, दगडांचे ढीग, ताजी उकरलेली माती बघत जाते आणि वायरलेसवर सांगते, रोड क्लिअर. मग गाड्या सुटतात. बहुतेक दिवशी काही सापडत नाही.

पार्टीच्या सगळ्यात पुढे जॅकी असायचा. पिवळट लॅब्रॅडॉर, एका कानाला खाच. त्याच्यासोबत त्याचा हँडलर, नाईक यादगिरी.

यादगिरी सिद्दिपेटकडचा. मी सिकंदराबादजवळ, गौलीगुड्यात वाढलेली, त्यामुळे पार्टीत त्याचं तेलुगू फक्त मला कळायचं. हे त्याला बरेच आठवडे माहीत नव्हतं. मी कमी बोलते. तो जॅकीला ब्रश करताना दिवसभराचा रिपोर्ट द्यायचा: लंगरमधली डाळ पातळ होती, सुभेदार साहेबांचा गुडघा दुखतोय, मॅडमनी आजही बोलण्याचा उपास धरलाय. एकदा मी जाता जाता तेलुगूत म्हटलं, "उपास उद्या सोडते." तो ब्रश हातात धरून सावधानमध्ये उभा राहिला. नंतर रिपोर्ट चालूच राहिला, फक्त माझ्याबद्दलचा भाग हळू आवाजात.

कुत्र्याला कमांड इंग्रजीत असतात. सीक, सिट, स्टे. काम संपल्यावर मात्र यादगिरी जॅकीला म्हणायचा, "पोदाम पा." चल, जाऊ या.

वास लागला की कुत्रा बसतो. भुंकत नाही, उकरत नाही. नुसता बसतो आणि तिकडे बघत राहतो. हँडलर हात वर करतो. पार्टी मागे सरकते. सगळे आडोशाला गेले की हँडलर कुत्र्याला डाव्या बाजूला घेऊन चालत परत येतो, आणि सुरक्षित जागी कुत्र्याला त्याचा चेंडू मिळतो. चेंडू हाच त्याचा पगार. जॅकीची यात एक स्वतःची भर होती. बसल्यावर तो मान वळवून मागे बघायचा, आणि शेवटचा माणूस आडोशाला गेल्याशिवाय उठायचा नाही. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"गिनती करता है, मॅडम," यादगिरी म्हणायचा. "हमारे हवलदार मेजर से अच्छी."

त्या दिवशी धुकं लवकर उतरलं होतं. जॅकी एका मोरीपाशी बसला. यादगिरीचा हात वर गेला. मी पार्टीच्या मागच्या टोकाला, वायरलेसवर होते.

"डॉग बैठा है. पुलिया के बाएँ. ओव्हर."

"सब पीछे. तुम भी. ओव्हर."

"भेज रहा हूँ. ओव्हर."

माणसं मागे आली. जॅकी मान वळवून बघत होता. तेवढ्यात यादगिरीचा आवाज आला, "ऊपर कोई है." त्याने खिशातून चेंडू काढला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून आमच्या दिशेने फेकला. जॅकी चेंडूमागे सुटला.

"आ रहा हूँ, मॅडम," यादगिरी म्हणाला. ओव्हर म्हणाला नाही.

डोंगरावरून कुणीतरी कळ दाबली. स्फोट झाला तेव्हा जॅकी आमच्यापर्यंत पोचला होता. चेंडू तोंडात होता.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला विचारलं, ड्रिलमध्ये नसताना चेंडू तिथे का फेकला. मी सांगितलं, कुत्रा चेंडूमागे माणसापेक्षा जोरात पळतो. त्यांनी ते तसंच लिहून घेतलं.

त्यानंतर जॅकीला दोन हँडलर मिळाले. काम तो नीट करायचा. बसायचाही बरोबर. चेंडूला मात्र त्याने परत तोंड लावलं नाही.

माझी मुदत संपली आणि मी घरी आले. सिक्युरिटीतल्या दोन-तीन नोकऱ्या सांगून आल्या होत्या. मी कुत्रे पाळणाऱ्या लोकांकडे जायला लागले. लोकांना वाटतं, फौजेतून आलेली बाई कुत्र्याला शिस्त लावून देईल. मी पहिल्या आठवड्यात एकही कमांड देऊ देत नाही. कुत्र्यासोबत एका खोलीत बसा, एवढंच सांगते. सुलतान बाजारातल्या एका कापडवाल्या शेठना हे पटलं नव्हतं.

"मॅडम, बाकी सगळं येतं ह्याला. फक्त शेकहँड शिकवा. पाव्हण्यांसमोर इज्जत जाते."

"जेवायला कोण घालतं?"

"नोकर."

"फिरवतं कोण?"

"नोकरच की."

"मग शेकहँड नोकराशीच करेल."

शेठ दुसऱ्या दिवसापासून स्वतः फिरायला निघाले. वजन कमी झालं, त्यांचंही.

जॅकी रिटायर झाला तेव्हा मला कळवलं गेलं. आता अशी कुत्री कुटुंबांना दत्तक देतात. आमच्या घरी बाबांना दमा, त्यामुळे मला तो घेता आला नाही. मी घर शोधलं. आमच्याच शहरात, कोंडापूरला एक जोडपं होतं, प्रसाद आणि मधुरा. दोघं आयटीत, पुण्याहून आलेले. सोबत प्रसादची आई. त्यांना मी काकू म्हणते. जॅकीला मी सिकंदराबाद स्टेशनवरून आणलं आणि त्यांच्या घरी सोडलं. तो काकूंच्या पायाशी झोपायला लागला. मी महिन्यातून एकदा जायचे. सगळं ठीक होतं.

दिवाळी संपली त्या आठवड्यात प्रसादचा फोन आला.

"कॅप्टन, जॅकीने आईवर हल्ला केलाय. आईचा हात मोडला. आज बारा वाजता केनेलची गाडी येतेय. तुम्हाला कळवायला हवं म्हणून केला फोन."

केनेल शहराबाहेर होतं. मी ते पाहिलेलं होतं. सिमेंटच्या खोल्यांची रांग, दिवसातून दोनदा खाणं. जॅकीचं वय बघता तिथून त्याला कुणी परत नेणार नव्हतं. मी ऑटो केली.

दार मधुराने उघडलं. काकू खुर्चीत बसल्या होत्या, हात प्लास्टरमध्ये. जॅकी बाल्कनीत, तोंडाला जाळी, पट्टा ग्रीलला बांधलेला.

"काय झालं ते क्रमाने सांगा," मी म्हटलं.

प्रसादने सांगितलं. हॉलमध्ये एक दिवाण होता, खाली सामान ठेवायचा कप्पा असलेला. दोन दिवस जॅकी त्या दिवाणासमोर जाऊन बसत होता. फिरवून आणला की परत तिथेच. काल संध्याकाळी काकू गोधडी काढायला गेल्या. तो गुरगुरला. त्या त्याला ओलांडून पुढे गेल्या, तर त्याने पदर धरला आणि ओढलं. काकू मागच्या मागे पडल्या.

"जागा धरलीय त्याने," प्रसाद म्हणाला. "मी वाचलंय याबद्दल. म्हातारी कुत्री करतात असं."

"दात लागलेत कुठे?"

"नाही," काकू म्हणाल्या. "पदर फाटला फक्त. पैठणी नव्हती, नशीब."

"जाळी काढते मी. त्याला आत येऊ द्या."

"आई इथे बसलीय, कॅप्टन."

"मी मध्ये उभी राहते."

मी जाळी आणि पट्टा काढला. जॅकीने माझा हात हुंगला, मला ओलांडून सरळ हॉलमध्ये गेला आणि दिवाणासमोर बसला. पाठ ताठ, नाक कप्प्याच्या फटीकडे. ते बसणं मी शेकडो सकाळी पाहिलं होतं. माझे पाय आपोआप थांबले.

प्रसादने टेबलावरचा चेंडू घेतला. "हे बघा. किती वेळा करून बघितलं." त्याने चेंडू दाराकडे घरंगळत सोडला. जॅकीने बघितलं नाही.

"चेंडू ठेवून द्या," मी म्हटलं. "सगळे बाहेर चला."

"कुठे बाहेर?"

"घराच्या. लिफ्टपाशी."

"कॅप्टन, घरात काय बॉम्ब आहे का?" प्रसाद हसला. काकू वर पंख्याकडे बघायला लागल्या.

"असेल नसेल ते नंतर बघू. आधी बाहेर."

मी फारसा आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नसावा. पण प्रसाद उठला आणि काकूंना आधार देऊन बाहेर घेऊन गेला. लिफ्टपाशी युसूफभाई, बिल्डिंगचे वॉचमन, पाण्याचं बिल वाटत होते.

"क्या हुआ अम्मा, आग लगी क्या?"

"लागायचीच बाकी आहे," काकू म्हणाल्या.

मी दारात उभी राहिले. जॅकीने मान वळवली. माझ्याकडे बघितलं, माझ्या मागे बघितलं, आणि स्वयंपाकघराकडे बघितलं. उठला नाही.

"आत कोण आहे?" मी विचारलं.

"मधुरा," प्रसाद म्हणाला. "मधुरा, अगं ये ना."

"दूध ठेवलंय गॅसवर," आतून आवाज आला.

"गॅस बंद करा आणि या," मी म्हटलं.

मधुरा हात पुसत बाहेर आली. जॅकी तिला दाराबाहेर जाईपर्यंत बघत होता. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि वाट बघत राहिला.

तो शब्द मी कधी उच्चारला नव्हता. तो माझा नव्हता.

"पोदाम पा," मी म्हटलं.

जॅकी उठला. चालत माझ्या डाव्या बाजूला आला आणि आम्ही दोघं बाहेर आलो. लिफ्टपाशी पोचल्यावर तो काकूंच्या चपलांवर आडवा झाला.

"काकू," मी विचारलं, "दिवाणात काय आहे?"

"गोधड्या."

"आणि?"

काकूंनी प्लास्टर नीट केलं. "तुळशीच्या लग्नाला लागतात म्हणून जरा ठेवले होते."

"आई," प्रसाद म्हणाला.

"फुलबाज्या आहेत. आणि वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी दिवाळी संपल्यावर दिलेला तो डबा. लवंगी, सुतळी, असलं काहीबाही."

"आपलं ठरलं होतं. जॅकीसाठी म्हणून ठरलं होतं. फटाके घरात आणायचे नाहीत."

"आणले कुठे? आले."

"आई, तू फटाके कपाटात नाही, माणसं बसतात त्या दिवाणात ठेवलेस."

"कपाट तू उघडतोस ना रोज."

युसूफभाईंनी बिलांचा गठ्ठा तोंडासमोर धरला होता. खांदे हलत होते.

मी त्यांना समजावून सांगितलं. फटाक्यात दारू असते. जॅकीने आयुष्यभर तिचाच वास शोधला. वास लागला की तो बसतो, आणि मग कुणी पुढे जायचं नसतं. इथे तो बसला, दोन दिवस बसत राहिला, आणि कुणीच मागे सरकलं नाही. उलट काकू पुढे गेल्या.

"म्हणजे हा मला चावायला आला नव्हता," काकू म्हणाल्या.

"मागे ओढत होता."

काकूंना प्लास्टरमुळे खाली वाकता येईना. पायाच्या अंगठ्याने त्यांनी जॅकीची पाठ चोळली.

युसूफभाईंनी डबा पाण्याच्या बादलीत बुडवला. दिवाण उघडा टाकला, गोधड्या उन्हात गेल्या. संध्याकाळपर्यंत जॅकीने एकदा जाऊन हुंगलं आणि पंख्याखाली पसरला. त्याआधी बाराला गेटवरून फोन आला होता, केनेलची गाडी उभी आहे. प्रसादने आईकडे बघितलं.

"ड्रायव्हरला चहा दे," काकू म्हणाल्या, "आणि परत पाठव."

पुढचे काही दिवस मी तिथे रोज जात होते. जॅकीला शिकवण्यासारखं काही नव्हतं. घरच्यांना शिकवायचं होतं. तो बसला तर थांबा. मागे या, सगळे. मग त्याला बोलवा आणि सोबत चाला. चेंडू नको. काकूंना तेलुगू शब्द जमेना. त्या "पोदाम" म्हणताना असा सूर लावायच्या की भाजीवाल्याला हाक मारल्यासारखं वाटावं. जॅकी तरी यायचा.

तुळशीच्या लग्नाला त्यांनी मला बोलावलं. वृंदावन बाल्कनीत होतं, ऊस बांधलेला. मंगलाष्टकं मोबाईलवर लावली. फटाक्यांच्या ऐवजी काकूंनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या; स्वतःचा एक हात प्लास्टरमध्ये, म्हणून त्यांनी मांडीवर वाजवल्या. नंतर खिरापत वाटायला सगळे खाली गेटपाशी निघाले. जॅकी दारात थांबला. मधुरा गेली, प्रसाद गेला, काकू गेल्या, मी चप्पल घातली. घर रिकामं झालं. जॅकीने तरी मान वळवून हॉलकडे बघितलं. थोडा वेळ बघत राहिला.

"रोज करतो," काकू म्हणाल्या. "आत कुणी नाही रे आता, चल. कुणाला बघतो गं हा?"

मी तोपर्यंत त्यांना काही सांगितलं नव्हतं. तिथे लिफ्टपाशी सांगितलं, जेवढं इथे लिहिलंय तेवढंच. काकूंनी खिरापतीची ताटली माझ्या हातात दिली आणि नाव परत विचारलं. नीट लक्षात राहावं म्हणून दोनदा म्हणून बघितलं.

नाईक यादगिरी, डॉग हँडलर. त्या दिवशी त्याने आम्हाला मागे पाठवलं, कुत्र्याला मागे पाठवलं. आम्ही सगळे आलो.